नाव न विचारणारे मिस्टर समीर

माणूस भेटला की पाच मिनिटांत त्याचं आडनाव, गाव आणि जमलंच तर मामाचं आडनाव काढून घ्यायचं, याला आमच्याकडे जिव्हाळा म्हणतात. "जोशी म्हणजे कुठले?" असं विचारलं नाही तर समोरचा जोशी घरी जाऊन बायकोला सांगतो, फार तुसडी माणसं आहेत. मीही त्यातलीच. त्यामुळे शारजाच्या एका सिक्युरिटी कंपनीत नोकरीसाठी गेले आणि समोरच्या माणसाने माझ्या अर्जावर, नेमका नावाच्या जागी, कॉफीचा कप ठेवला तेव्हा तो मला आधी वेंधळा वाटला आणि मग उद्धट.

"चहा कसा घेता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. इंटरव्ह्यूतला पहिला प्रश्न हा.

"दूध नको. लिंबू पिळून."

"खलास. मादाम लेमन. शनिवारपासून या."

त्या दिवसापासून नोकरी सोडेपर्यंत मी तिथे मादाम लेमन होते. हिशेब बघणारा केरळी गृहस्थ मिस्टर थ्री शुगर होता. टेलिफोनवर बसणारी फिलिपिनो मुलगी चहाच पीत नसे, तर ती मिस नो टी. माझी मुलाखत घेणारे हे मिस्टर समीर कोणाला नावाने हाक मारत नसत, कोणाला नाव विचारत नसत आणि कोणी आपण होऊन सांगायला लागलं तर एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागत. मला पहिले काही महिने या प्रकाराचा राग यायचा. माझ्या लग्नात नाव बदललं होतं तेव्हा सासरच्यांनी निदान एकदा विचारलं तरी होतं.

ते बैरूतचे. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. कंपनी बँकांना, गोदामांना आणि फ्लॅटच्या इमारतींना गार्ड पुरवायची, आणि ते गार्ड निवडायचं, शिकवायचं, उन्हात उभं करायचं काम मिस्टर समीर यांचं. उंच, किंचित वाकलेले, कानशिलांवर पांढरे केस, शर्टाला कडक इस्त्री. पण एक विचित्र सवय होती. कुठल्याही फाटकाशी गाडी नेली की, मग ते सुपरमार्केटच्या पार्किंगचं गेट का असेना, ते लांबूनच वेग कमी करायचे, चारही काचा खाली घ्यायचे, गाडीतला दिवा लावायचे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवायचे. भर दुपारीसुद्धा दिवा. एकदा मी म्हटलं, "मिस्टर समीर, बॅटरी उतरेल." ते म्हणाले, "उतरू दे, हबीबती. बॅटरी नवी मिळते."

नव्या गार्डांचं शिक्षण ऑफिसच्या मागच्या आवारात चालायचं. नेपाळी, श्रीलंकन, पाकिस्तानी, आपले बिहारी, सगळे एका ओळीत. मिस्टर समीर यांची हिंदी गल्फमधली, म्हणजे व्याकरणाला विमानतळावरच सोडून आलेली. "किधर से आया, ये पूछने का नहीं. किधर जाता, वो पूछने का. समझा? आदमी का पीछे नहीं देखने का. आदमी का आगे देखने का." हे ते इतक्यांदा म्हणायचे की आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो. मिस्टर थ्री शुगर तर फारच हुबेहूब करायचा. मी डबा बाजूला ठेवून हसायचे.

गार्डांच्या छातीवर नावाची पट्टी असावी असं आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकाचं, म्हणणं होतं. मिस्टर समीर यांनी पट्ट्या बनवून आणल्या, पण सगळ्यांवर एकच शब्द, 'वेलकम'. अरबाब आधी चिडला, मग हसला आणि मग विसरला.

एकदा एका इमारतीतून तक्रार आली. बहुतेक भारतीय कुटुंबं राहत होती तिथे, सुशिक्षित, पगारदार. तक्रार अशी की जुलैच्या उन्हात जवळच्या बांधकामावरचे मजूर खालच्या एसी लॉबीत येऊन बसतात आणि गार्ड त्यांना हाकलत नाही. सिक्युरिटीला पैसे कशाचे देतो आम्ही? फोनवरच्या बाईंच्या बोलण्यावरूनच मला कळलं की त्या आपल्याकडच्या. तुमचं आडनाव काय, असं मी विचारणारच होते, तेवढ्यात मिस्टर समीर यांनी रिसीव्हर घेतला. तासाभराने ते स्वतः त्या इमारतीत गेले. बरोबर घडीची खुर्ची घेऊन गेले आणि मजुरांच्या शेजारी लॉबीत बसले. टाय लावलेला माणूस मजुरांत बसलाय म्हटल्यावर येणारीजाणारी मंडळी गोंधळली. त्या बाईही खाली आल्या. मिस्टर समीर उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा ना मादाम, बाहेर फार गरम आहे." बाई वर निघून गेल्या. त्यांची तक्रार पुन्हा आली नाही. पण ते गार्डांचं कंत्राटही पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीला गेलं.

घरी मी हे सगळं रंगवून सांगायचे. माझे यजमान श्रीकांत यांना मात्र एकाच गोष्टीत रस.

"पण तो आहे कोण नेमका?"

"बैरूतचा."

"ते झालं गं. मुसलमान की ख्रिश्चन?"

आता समीर या नावाने काय कळणार? आमच्या पुण्याच्या वाड्याशेजारच्या एका गल्लीत तीन समीर होते आणि तिघांच्याही मुंजी झालेल्या. रमजानमध्ये मिस्टर समीर ऑफिसात पाणीही पीत नसत, पण उपवास कोणाला सांगत नसत. नाताळात सुट्टी घेत, पण चर्चला न जाता गळ आणि टोपी घेऊन खोर फक्कानच्या समुद्रावर जात. गळ्यात काही नाही, गाडीत काही लटकवलेलं नाही. श्रीकांतने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लपवतोय म्हणजे काहीतरी असणार." हा माणूस बँकेत कर्जाचे अर्ज तपासतो, त्यामुळे त्याला सगळ्यांचंच काहीतरी लपवलेलं दिसतं. मी तेव्हा हसले होते.

मग मुंबई पेटली. पाठोपाठ बॉम्बस्फोट झाले. आम्ही शारजात बसून फोनच्या रांगा लावत होतो आणि दिवसाशिळे पेपर वाचत होतो. इथे काही झालं नाही. कोणी कोणाला बोट लावलं नाही. फक्त बोलण्यात एक सावधपणा आला. कालपर्यंत जे 'आमचे रत्नागिरीवाले' होते ते कोणाकोणाच्या तोंडी 'ते लोक' झाले. आणि त्या साली गणपतीच्या तयारीची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली.

आमच्या मंडळाचा गणपती म्हणजे तिथीशी फारसं देणंघेणं नसलेला गणपती. पंचांगात चतुर्थी कधीही असो, आमचा बाप्पा गुरुवारी संध्याकाळी बसायचा आणि शुक्रवारी दुपारनंतर जायचा, कारण शनिवारी सगळ्यांना ऑफिस. मंडळाचे अध्यक्ष दामले साहेब यांच्या व्हिलाच्या अंगणात मांडव, थर्माकोलचं मखर आणि आवाज कंपाउंडच्या बाहेर जाणार नाही इतपत आरती. मूर्ती मुंबईहून कार्गोने यायची आणि ती दुबईहून शारजाला आणायचे परकारभाई.

परकारभाई म्हणजे अब्दुल लतीफ परकार. मूळचे दापोलीकडचे, स्वतःचा पिकअप चालवायचे. बोलणं आमच्याइतकं शुद्ध नव्हतं, पण गोड होतं. दरवर्षी मूर्ती आणताना पिकअपमध्ये स्वतःच्या घरातली गादी अंथरायचे आणि सबंध रस्ता अशा बेताने चालवायचे की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून थकायचे. "वहिनी, बाप्पाला खड्डा लागला तर मला झोप नाय यायची," म्हणायचे. भाडं घ्यायचे नाहीत, पण मोदक मात्र मागून घ्यायचे. त्यांची मुलगी आमच्या मुलांच्या लेझीममध्ये होती. आमचा ओंकार आणि ती एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

बैठकीत दामले साहेबांनी विषय काढला. दिवस बरे नाहीत, गर्दी असते, बायकामुलं असतात. गेटवर सिक्युरिटी हवी. "वहिनी, तुमच्याच कंपनीतून बघा की. दोन गार्ड, दोन दिवस. तीनशे दिरहम म्हणजे... अडीच हजार रुपये! जाऊ दे, देऊन टाकू." मग जरा खाकरून म्हणाले, "आणि गेटवर नाव विचारायला सांगा. नावावरून कळतं आपल्याला. बाहेरचं कोणी नको या वर्षी."

बाहेरचं म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. पोहे छान झालेत, असं कोणीतरी म्हणालं.

शनिवारी मी मिस्टर समीर यांना सांगितलं. त्यांनी गार्ड द्यायचं लगेच कबूल केलं. पिशव्या बघू, गर्दी आवरू, गाड्या लावू. "नाव नाही," म्हणाले. "माझी मुलं नाव विचारत नाहीत."

"फक्त नावच तर विचारायचंय," मी म्हटलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. समोरची खुर्ची ओढून माझ्यापुढे बसले. त्यानंतर जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या माझ्या चहाच्या कपाकडे बघत सांगितलं.

"मी बावीस वर्षांचा होतो. बैरूतमध्ये तेव्हा लढाई पेटली होती, मुसलमान एकीकडे, ख्रिश्चन एकीकडे. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी आमचा हाजिझ होता. हाजिझ म्हणजे नाका. दोन पिंपं, एक आडवी दांडी आणि आम्ही आठदहा पोरं. येणाऱ्याने काचा खाली घ्यायच्या, गाडीतला दिवा लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे आणि आम्ही त्याचं कार्ड बघायचं. आमच्या देशात कार्डावर धर्म लिहिलेला असायचा. कार्ड नसेल तर नाव विचारायचं, नावावरून कळतं." हे वाक्य ऐकून मी चुळबुळले. "एक दिवस टॅक्सी आली. मागे माझे शाळेतले भूगोलाचे सर बसले होते. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं, हसले. मी हात हलवून टॅक्सी सोडायला हवी होती. पण मी नवा होतो. मागे पोरं उभी होती. मला वाटलं, सगळ्यांना विचारतो तसं यांनाही विचारू, मग सोडू. मी म्हटलं, नाव? सरांनी सांगितलं. वडिलांच्या नावासकट पूर्ण. वर्गात आम्हाला तसंच सांगायला शिकवलं होतं त्यांनी. मागच्या पोरांनी ऐकलं."

"मग?"

"मग टॅक्सी रिकामी पुढे गेली."

मी कप त्यांच्या नजरेसमोरून बाजूला सरकवला.

"मादाम लेमन, मी बंदुकीला हातसुद्धा लावला नाही. मी फक्त नाव विचारलं."

मी घरी जाऊन श्रीकांतला हे सांगितलं. पण दामले साहेबांना फोन काही त्याने केला नाही. उलट, नाव विचारणार नाहीत एवढा निरोप मी दिल्यावर दामले साहेबांनीच आमच्या अरबाबला फोन केला. ते ज्या मोठ्या कंपनीत मॅनेजर होते तिची सगळी गोदामं आमच्या कंपनीकडे होती. अरबाबने मिस्टर समीर यांना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं. अरबाब हसत होता, खांद्यावर हात ठेवत होता, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, म्हणत होता. मिस्टर समीर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या आजारी माणसासारखा दिसत होता.

"ठीक आहे," ते मला म्हणाले. "विचारू. पण गार्ड नाही विचारणार. मुलांना हे शिकवायचं नाही. मी विचारेन."

हा माणूस आमच्यासाठी हे का करतोय, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, आमच्यासाठी नव्हतंच ते. कोणातरी विशीतल्या नेपाळी मुलाच्या तोंडी तो प्रश्न पहिल्यांदा बसू नये, एवढ्यासाठी होतं.

गुरुवारी संध्याकाळी मिस्टर समीर सुटाबुटात दामल्यांच्या गेटवर उभे राहिले. त्यांना आपली नावं काय कळणार, म्हणून शेजारी श्रीकांतला उभं केलं होतं. ते विचारायचे, "नाव?" लोक हौसेने सांगायचे. कुलकर्णी, शिंदे, वैद्य, पाटील. काही जण गावही सांगायचे, कारण आपल्याला नुसतं नाव सांगून समाधान होत नाही. श्रीकांत मान हलवायचा आणि मंडळी आत यायची. मी आत गुलाबदाणी घेऊन उभी. काहीजणी म्हणाल्यासुद्धा, "अगदी व्हीआयपी वाटतंय गं यंदा!" मिस्टर समीर यांच्या कपाळावर घाम होता. दरवेळी 'नाव' म्हणताना ते त्या माणसाच्या बुटांकडे बघत.

मग परकारभाई आले. दुपारीच मूर्ती पोचवून ते कपडे बदलायला घरी गेले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर बायको, आणि मुलगी काठाच्या हिरव्या साडीत, हातात लेझीम. मागे रांगेत आणखी तीनचार कुटुंबं.

मिस्टर समीर म्हणाले, "नाव?"

परकारभाई हसले. थट्टाच वाटली त्यांना. "परकार," म्हणाले, आणि श्रीकांतकडे बघून, "काय ओ साहेब, मला पण?"

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पूर्ण नाव सांगा की."

तेव्हा परकारभाईंचं हसू गेलं. त्यांनी मागे बघितलं नाही. सरळ उभं राहून, मिस्टर समीर यांच्याकडे बघत म्हणाले, "अब्दुल लतीफ इस्माईल परकार."

मिस्टर समीर यांनी मान वळवून श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांतने एवढंच करायचं होतं, मान हलवायची. त्याने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. खूप वेळ पुसला. मी पाच पावलांवर गुलाबदाणी धरून तशीच उभी राहिले. मिस्टर समीर थांबले होते. त्यांचे डोळे श्रीकांतवर होते आणि ते अक्षरशः भीक मागत होते.

"राहू दे साहेब," परकारभाई म्हणाले. "गर्दी आहे आज."

त्यांनी मुलीचा हात धरला आणि वळले. ती मात्र मान मागे वळवून बघत राहिली, आमच्याकडे नाही, मिस्टर समीर यांच्याकडे. तिच्या हातातली लेझीम पिकअपपर्यंत वाजत गेली. मिस्टर समीर यांनी पुढच्या माणसाला काही विचारलं नाही. गेट सताड उघडलं आणि बाजूला होऊन भिंतीला टेकून उभे राहिले. त्यानंतर जो आला तो आत आला. लेझीमच्या ओळीत एक जागा रिकामी राहिली होती, ती मास्तरांनी मुलांना सरकवून भरून काढली.

घरी आल्यावर श्रीकांत म्हणाला, "मी नाही म्हटलंच नाही. कोणीच नाही म्हटलं नाही."

"हो म्हटलं का?"

तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. लग्नानंतर मला त्याची लाज वाटावी असे प्रसंग आले होते, लहानसहान. पण आपण दोघं मिळून लाजिरवाणे आहोत, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शुक्रवारी विसर्जनाला गाडी कोण आणणार, हा प्रश्न होता. परकारांना फोन करायचं कोणाला धाडस होईना. दामले साहेब आपल्या गाडीची मागची सीट काढता येईल का ते बघत होते, आणि तेवढ्यात पिकअप आला. ठरल्या वेळेला, गादी अंथरून. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

"आत घ्या ना परकारभाई," दामले साहेब धावत जाऊन म्हणाले. आवाजात लोणी.

"बाहेरच बरी आहे साहेब. तुम्ही बाप्पाला आणा."

मूर्ती जड होती. एरवी ते पिकअप मागे घेत थेट मांडवाशी आणायचे. त्या दिवशी आमच्या सहा पुरुषांनी ती उन्हातून धापा टाकत फाटकाबाहेर नेली. कोणी 'मोरया' म्हटलं नाही. मिस्टर समीर रात्रीपासून घरी गेलेच नव्हते की सकाळी परत आले होते, कोण जाणे. ते पुढे झाले, कोट काढून फाटकाला अडकवला, पिकअपमध्ये चढले आणि मूर्तीला दोन्ही हातांनी धरून बसले. अजमानच्या किनाऱ्यापर्यंत तसेच. आमच्यातलं कोणी मागे चढलं नाही. आम्ही आपापल्या गाड्यांतून, काचा लावून मागे गेलो.

ओळखीच्या एका बोटवाल्याच्या बोटीतून मूर्ती नेली. बोट परत येईपर्यंत परकारभाई आणि मिस्टर समीर पिकअपच्या सावलीत उभे होते. मिस्टर समीर काहीतरी बोलले, छातीवर हात ठेवून, फार थोडं. परकारभाईंनी मान हलवली. मग दोघांनी एकाच लायटरवर सिगारेटी पेटवल्या.

नंतर कधीतरी श्रीकांतने परकारभाईंना विचारलं, काय म्हणाला तो तेव्हा? खरं तर त्याला माफी मागायची होती आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.

"त्यांनी मला आपलं नाव सांगितलं," परकारभाई म्हणाले. "पूर्ण. बापाच्या नावासकट."

"अच्छा! मग कोण आहे तो?"

परकारभाई त्याच्याकडे बघत राहिले. "ते त्यांनी मला सांगितलं साहेब. तुम्हाला नाय." आणि गाडी सुरू करून गेले. पुढच्या वर्षी ते मंडळात आले नाहीत. मग कळलं की पिकअप विकून दापोलीला परत गेले.

मिस्टर समीर यांनीही त्यानंतर काही महिन्यांत नोकरी सोडली. बैरूतमध्ये लढाई संपून शहर नव्याने बांधलं जात होतं आणि त्यांच्या चुलतभावाने तिथे सिक्युरिटी कंपनी काढली होती. जाताना खुश होते. तिकडच्या मुलांना मी शिकवीन, म्हणाले, किधर जाता, वो पूछने का. आम्ही सगळ्यांनी त्यांना सुटकेस भेट दिली.

दोन वर्षंही झाली नसतील, ते परत आले. ऑफिसात भेटायला आले तेव्हा मी त्यांच्यासाठी कॉफी मागवली, माझ्यासाठी लिंबाचा चहा. तिकडचं कसं आहे, विचारलं.

"सुंदर आहे. खालच्या मजल्याला नव्या काचा, वरच्या मजल्याला अजून गोळ्यांची भोकं. दर दारात गार्ड. बँकेला गार्ड, हॉटेलला गार्ड, केकच्या दुकानाला गार्ड. आणि कोण गार्ड? तीच पोरं, मादाम लेमन. माझ्या हाजिझवरची. आता पोट सुटलंय, युनिफॉर्म आहे, हातात वॉकीटॉकी. लढाई संपली, पण नोकरी कोणाचीच गेली नाही."

चुलतभावाने त्यांना एका नव्या बँकेच्या दाराची जबाबदारी दिली होती. एका सकाळी एक म्हातारी बाई आली. खात्यातले पैसे काढायला आलेली साधी बाई. मिस्टर समीर यांनी तिच्यासाठी दार उघडलं, काही विचारलं नाही. बाईने त्यांच्याकडे एकदा वर बघितलं, थांबली, आणि पर्समधून आपलं ओळखपत्र काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

"मी मागितलं नव्हतं," ते म्हणाले. "वल्लाही, मी काहीच मागितलं नव्हतं. मी म्हटलं, मादाम, आत या. ती म्हणाली, आधी बघा." त्यांनी कॉफीचा कप बशीत ठेवला. "माझ्या तोंडावरच लिहिलंय बहुतेक."

त्यांना पुन्हा सिक्युरिटीत यायचं नव्हतं. खोर फक्कानला एका ओळखीच्या माणसाच्या मासेमारीच्या बोटींचं आवार सांभाळायचं काम त्यांनी धरलं. आमच्या अरबाबने चांगला पगार देऊ केला होता. नाही म्हणाले.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. आम्ही तिघं एका शुक्रवारी खोर फक्कानला गेलो होतो. ओंकार तोवर कॉलेजला जाण्याच्या वयाचा झाला होता आणि आमच्याशी इंग्रजीत बोलत होता. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक आवार होतं, रस्त्यात आडवा दांडा, आणि दांड्याजवळ खुर्चीवर टोपी घातलेला एक वाकलेला माणूस. आम्ही गाडी हळू करायच्या आत त्यांनी दांडा वर केला होता. नाव नाही, गाव नाही, कशाला आलात नाही. मी श्रीकांतला ओरडून म्हटलं, "थांब, थांब, हे मिस्टर समीर!"

त्यांनी ओळखलं. मादाम लेमन, म्हणाले, आणि गाडीच्या खिडकीशी आले. श्रीकांतने उतरून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याला काही बोलायचं होतं, पण तो हवेबद्दल बोलला. त्यांनी आम्हाला फ्लास्कमधली कॉफी दिली. सगळ्यांना पुरली. निघताना ते पुन्हा खिडकीशी आले आणि वाकले.

"मादाम लेमन, मी आयुष्यात परत कोणाला नाव विचारणार नव्हतो. त्या दिवशी विचारलं. बापाचं विचारलं. पण बघत होती ती मुलगी." त्यांनी दारावर हात ठेवला. "तिचं नाव काय होतं?"

मी श्रीकांतकडे बघितलं. श्रीकांतने माझ्याकडे. मला ती साडी आठवली, हिरवी. साडीचे काठ आठवले. तिने आमच्याकडे खाल्लेले मोदक आठवले. दापोलीजवळचं गाव आठवलं, त्या गावात परकार किती आणि मुकादम किती हेसुद्धा आठवलं.

"ओंकार," मी मागे वळून म्हटलं, "तुझ्या शेजारी असायची ना रे लेझीमला? काय नाव तिचं?"

त्याने कानातला हेडफोन काढला, विचार केला. "आय डोन्ट नो, मम्मा. एव्हरीवन जस्ट कॉल्ड हर परकारची."

मिस्टर समीर यांना त्यातलं 'परकारची' कळलं नसेल, पण एवढं समजायला मराठी लागत नाही. त्यांनी दारावरचा हात काढला.

"मालेश," ते म्हणाले. "मालेश, मादाम." म्हणजे असू दे, हरकत नाही.

मग ते दांड्याशी गेले आणि आम्हाला जाऊ देण्यासाठी तो वर धरून उभे राहिले. श्रीकांतने गाडी सुरू केली. दांड्यापाशी येताना त्याने वेग कमी केला, चारही काचा खाली घेतल्या आणि भर दुपारी गाडीतला दिवा लावला.